भावासाठी आयटीआय शोधताना घातलेले अकरा हेलपाटे

दहावीचा निकाल २ मे २०२५ ला लागला. शुक्रवार होता. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपच्या ऑफिसात मी बिलं लावत बसले होते, तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. "अक्का, तीनशे एकाहत्तर." ६२५ पैकी. कर्नाटकाबाहेरच्यांना हा आकडा विचित्र वाटतो. आमच्याकडे पहिली भाषा १२५ गुणांची आणि बाकीचे पाच विषय शंभराचे, म्हणून ६२५. टक्क्यांत सांगायचं तर एकोणसाठच्या आसपास. मराठीत चांगले, गणितात काठावर.

पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, जाणार नाही, हे त्याने परीक्षेआधीच जाहीर केलं होतं. बाबा सव्वीस वर्षं फौंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे. ते म्हणाले, "माझ्यासारखा वाळूत हात घालू नको. वायरीत घाल." एवढ्यावर ठरलं: आयटीआय, इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा. आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरात इंग्रजी फॉर्म भरणारी मी एकटी, त्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आलं.

आणि पहिल्याच झटक्यात मी चूक केली. तीच आधी सांगते.

सोमवारी, ५ मे ला, बेळगावच्या बसस्टँडवर धाकट्याच्या हातात कुणीतरी पत्रक दिलं. 'सरकारमान्य', '१०० टक्के नोकरीची हमी', खाली टाय लावलेल्या मुलांचे फोटो. संस्था जवळच होती. गारेगार एसी ऑफिस, पाणी विचारलं, चहा विचारला. इलेक्ट्रिशियनच्या चारच जागा उरल्यात म्हणाले. वर्षाला ३२ हजार फी, आज तीन हजार भरले तर सीट ब्लॉक. मी भरले. कुणाच्या तरी वैयक्तिक नंबरवर फोनने पाठवले आणि पोच म्हणून एका चिठ्ठीवर शिक्का घेतला. तिच्यावर पावती क्रमांकही नव्हता. ऑफिसात मी दुसऱ्यांची व्हाउचरं सही नाही म्हणून परत पाठवते! ओरिजिनल मार्क्सकार्डही मागितलं होतं त्यांनी. ते शाळेतून अजून आलं नव्हतं म्हणून वाचलो. नाहीतर तेही दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते पत्रक आमच्या वर्कशॉपमधल्या सुपरवायझर मामांना दाखवलं. त्यांनी फोटो बघितला आणि हसायला लागले. "हा आपल्याकडे पॅकिंगला हाय की." खरंच होता. पत्रकात त्याच्या नावाखाली 'मेन्टेनन्स इंजिनियर' लिहिलं होतं.

मग मामांनी विचारलं, "सरकारमान्य म्हणजे कुणी मानलंय? भिंतीवर काय होतं?" भिंतीवर फ्रेम केलेले तीन कागद होते आणि त्यांचे फोटो माझ्याकडे होते. आम्ही ते मोठे करून वाचले. पहिला १९६० च्या कर्नाटक सोसायटी कायद्याखालची नोंदणी, दुसरा आयएसओ ९००१ हे दर्जा-व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र, तिसरा उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी. यातला एकही कागद शिकवण्याच्या परवानगीचा नव्हे. सोसायटी नोंदणी भजनी मंडळालाही मिळते. उद्यम नोंदणी पिठाच्या गिरणीलाही मिळते. आयटीआयला लागते ती दिल्लीच्या प्रशिक्षण महानिदेशालयाची, म्हणजे डीजीटीची, संलग्नता. आणि ती अख्ख्या संस्थेला सरसकट मिळत नाही. ट्रेडनुसार म्हणजे कोर्सनुसार, आणि युनिटनुसार म्हणजे तुकडीनुसार मिळते. ही एक गोष्ट मला ५ मे ला माहीत असती तर पुढचे चार हेलपाटे वाचले असते.

आयटीआयची यादी सरकारी पोर्टलवर बघता येते. दिवसा साइट लटकते, मी रात्री साडेअकराला बसले. प्रत्येक संस्थेला एक कोड असतो. सरकारी असेल तर जीआर, खासगी असेल तर पीआर, आणि त्यापुढे कर्नाटकाचा आकडा २९. आमची संस्था सापडली, म्हणजे ती अगदीच बनावट नव्हती. तिच्या नावापुढे फिटरची दोन युनिटं होती. इलेक्ट्रिशियन कुठेच नव्हतं.

सकाळी फोन केला. "अप्लाय केलंय मॅडम, ऑगस्टपर्यंत येतंय. तोवर फिटरला नाव घालतो." फिटरच्या नावावर इलेक्ट्रिशियन शिकलेल्या मुलाला शेवटी सर्टिफिकेट कशाचं मिळणार, असं विचारल्यावर फोन 'सरांकडे' गेला आणि तिथेच राहिला. तीन हजारांसाठी चार वेळा गेले. १९ जूनला दोन हजार परत मिळाले, हजार 'प्रोसेसिंग'मध्ये गेले. चौथ्या वेळी मी लेखी अर्ज नेला होता आणि दुसऱ्या प्रतीवर पोच द्या म्हणून काउंटरवर उभी राहिले. पैसे त्या अर्धा तासात निघाले. तोंडी मागत बसले त्या तीन खेपा फुकट होत्या.

मधल्या काळात मी इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका उतरवून घेतली. फुकट मिळते. पुढची पानं कुणी वाचत नाही, पण पालकाच्या कामाचं सगळं तिथेच आहे. एका युनिटात २० मुलं. वर्कशॉपला ९८ चौरस मीटर, म्हणजे साडेदहाशे चौरस फुटांच्या वर जागा. ५.२ किलोवॅटचा वीजपुरवठा. आणि वर्षाला ८४० तास हातकाम, त्याच्यापुढे थिअरी फक्त २४० तास. हा ८४० चा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि पुढे जिथे गेले तिथे तोच घेऊन गेले.

दुसरी संस्था १४ मे ला पाहिली. इमारत नवी, ट्रेड खरोखर संलग्न, पोर्टलवर दोन युनिटं. मी निर्धास्त झाले होते. वर्कशॉप बघायचंय म्हटल्यावर किल्ली शोधायला वीस मिनिटं लागली. आत सगळं चकाचक. धाकटा एका बाकापाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "अक्का, ह्या वाइसच्या जबड्याला रंग हाय अजून." वाइस म्हणजे लोखंड घट्ट धरायचा शिकंजा. निळा रंग, एक ओरखडा नाही. त्या जबड्यात कधी लोखंड धरलंच गेलं नव्हतं. मोटार प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. मोटार चालू करायच्या स्टार-डेल्टा स्टार्टरचं पॅनल भिंतीवर होतं, पण त्याच्यापर्यंत वायरच आलेली नव्हती. बाबांना रात्री सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडं फावड्याचा दांडा बघून माणूस कामाचा हाय का कळतंय."

खाली ऑफिसात मी ८४० तासांचं विचारलं. तिथल्या बाईंनी आवाज खाली आणला. "पोरगं कुठं कामाला जात असेल तर जाऊ दे. हजेरीचं आम्ही बघतो. परीक्षेला तेवढं पाठवा. पाच हजार जादा पडतील."

खरं सांगते, मी लगेच उठले नाही. धाकट्याला ओळखीच्या दुकानात महिन्याला नऊ हजारांचं काम मिळत होतं. दोन वर्षं पगारही आणि शेवटी सर्टिफिकेटही, हा हिशेब डोक्यात धावला, आणि हिशेब माझं कामच आहे. येताना बसमध्ये दोघंही गप्प होतो. मामांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. ते मुलाखती कशा घेतात तेवढं सांगितलं: कागद बाजूला ठेवायचा, पक्कड, टेस्टर आणि कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) पुढे करायचा आणि म्हणायचं, जोड. "असली पोरं कॉन्टॅक्टर उलटा धरतात गं." शिवाय परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरीचा नियम आहे. हजेरी खोटी लावलेली सापडली तर नुकसान मुलाचं, संस्थेचं नाही.

सरकारी आयटीआयचा अर्जही भरला, तो तर भरायचाच. फी नावापुरती असते. त्याला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, जात-उत्पन्नाचा दाखला लागतो आणि फॉर्ममध्ये त्याचा आरडी नंबर घालावा लागतो. आमच्या भागातली नेहमीची अडचण इथेही आलीच. मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव एक, आधारवर इंग्रजी स्पेलिंग दुसरं, आणि नाडकचेरीच्या कन्नड दाखल्यात तिसरंच. आधारचं स्पेलिंग मार्क्सकार्डाप्रमाणे करून घेतलं, मग दाखला नव्याने काढला. यात नऊ दिवस गेले. ज्यांची मुलं आता नववीत आहेत त्यांनी ही तीन नावं आजच शेजारी शेजारी ठेवून बघा.

आम्ही जी सरकारी संस्था बघितली ती राज्याने टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर सुधारलेल्या १५० मधली एक. २०२२ मध्ये त्यांचं उद्घाटन झालं होतं. आत सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं, आत रोबोचा हात. धाकटा काचेला नाक लावून उभा राहिला. पण पहिल्या फेरीत काहीच लागलं नाही आणि दुसऱ्या फेरीत वेल्डर लागला. बाबा म्हणाले घे, सरकारी हाय. धाकटा म्हणाला नको. दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. शेवटी आईने मिटवलं: "शिकायला त्याला जायचंय, तुम्हाला न्हाई." आजही मला खात्री नाही की आम्ही बरोबर केलं. वेल्डरला उद्यमबागेत, मच्छे, होनग्याच्या कारखान्यांत काम कमी नाही.

कोल्हापूरच्या मावशीने सुचवलं होतं की महाराष्ट्रात घाला, सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तिकडच्या तंत्रशिक्षणात वेगळी तरतूद आहे. ती आहे, पण होस्टेलचा खर्च परवडणारा नव्हता. आणि आयटीआय पुरतं बोलायचं तर शेवटी मिळणारं राष्ट्रीय ट्रेड सर्टिफिकेट सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीत आणि उद्यमबागेत सारखंच चालतं. उद्यमबागेतल्या जीटीटीसीत, म्हणजे सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्रातही चौकशी केली. टूल अँड डायचा, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवण्याचा डिप्लोमा, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष कारखान्यात. नाव मोठं आहे, पण चार वर्षं ऐकूनच धाकट्याने हात जोडले.

एव्हाना गल्लीत माझी ख्याती झाली होती. शेजारची वहिनी एलकेजीचा फॉर्म घेऊन आली. खासगी इंग्रजी शाळा, पत्रकावर ठळक 'सीबीएसई पॅटर्न'. सीबीएसई निराळं आणि सीबीएसई पॅटर्न निराळं. पॅटर्न म्हणजे पुस्तकं त्यांची वापरतो, एवढंच. मान्यता असेल तर बोर्डाच्या साइटवर शाळेचं नाव संलग्नता क्रमांकासकट सापडतं. ते सापडलं नाही. शाळेचा यू-डायस कोड, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, मात्र होता. तो ११ आकडी असतो आणि आपल्याकडचा २९ ने सुरू होतो. वहिनीला म्हटलं, राज्याची मान्यता कितवीपर्यंत आहे आणि कुठल्या माध्यमाची, त्या आदेशाची झेरॉक्स मागा. मान्यता पाचवीपर्यंतची निघाली आणि पत्रकात दहावीपर्यंतचे वर्ग. वहिनीने तरी तिथेच घातलं, कारण व्हॅन दारात येते. पाचवीनंतर बघू म्हणाली. तिचं पोर, तिचा निर्णय.

मोठ्यांच्या कोर्सनाही हेच लागू. बीए, बीकॉम 'एका वर्षात' सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत. यूजीसी खोट्या विद्यापीठांची यादी काढते आणि त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाकच्या एका संस्थेचं नाव बरीच वर्षं होतं. लॅब टेक्निशियनसारख्या कोर्सला राज्याचं पॅरामेडिकल बोर्ड आहे, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिल. त्यांच्या यादीत नाव नसेल तर पुढचं बोलणंच नको.

जून संपला, खानापूरचा पाऊस सुरू झाला. बसभाड्याचं म्हणाल तर माझं झिरो तिकीट, बायकांना सरकारी बस फुकट देणाऱ्या शक्ती योजनेची कृपा. पैसे धाकट्याचेच जायचे. तिसऱ्या संस्थेत ट्रेड ठीक होता, पण इन्स्ट्रक्टर गेल्या दिवाळीपासून नव्हता. हे ऑफिसने सांगितलं नाही, समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या मुलांनी सांगितलं. तेव्हापासून मी क्रमच बदलला. आधी टपरी, मग ऑफिस. दुपारी एकच्या सुमाराला जायचं, मुलं बाहेर असतात. 'कॉलेज कसं आहे' विचारलं तर 'चांगलंय' म्हणतात. 'काल काय केलंत?' विचारलं की खरं बाहेर येतं. "काल सर आले नव्हते." "काल पीडीएफ वाचली." एकदा एक मुलगा काही न बोलता हात पुढे करून दाखवायला लागला. बोटावर सोल्डरिंगचा चटका होता.

तो मुलगा चौथ्या संस्थेतला. ७ जुलै. एका ट्रस्टची जुनी, पत्र्याची इमारत, वर्कशॉप गळत होतं आणि खाली बादली लावलेली. किल्ली शोधावी लागली नाही, कारण दार उघडंच होतं. वाइसचे जबडे झिजलेले, बाकावर कानसांच्या खुणा. एका रॅकवर गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेले वायरिंगचे बोर्ड, प्रत्येकावर नाव, तारीख आणि लाल पेनाने गुण. एकावर १०० पैकी ३८ होते. ते ३८ बघून मला जेवढा विश्वास वाटला तेवढा कुठल्याच पत्रकाने वाटला नव्हता. प्रॅक्टिकलच्या वह्या मागितल्या, सरांनी गठ्ठाच पुढे टाकला. दर आठवड्याच्या सह्या होत्या आणि दोन ठिकाणी 'पुन्हा कर' लिहिलेलं.

सरांना विचारलं, सीआयटीएस झालंय का, म्हणजे इन्स्ट्रक्टरचं प्रशिक्षण. विचारायला मला संकोच वाटला, वयाने बाबांएवढे होते. त्यांनी कपाटातून सर्टिफिकेट काढून दाखवलं आणि म्हणाले, "बरं झालं विचारलंस. कुणी विचारत न्हाई." गेल्या वर्षी किती पास झाले, हे विचारताना मी आधी किती बसले ते विचारलं. १९ बसले, १५ पास. आधीच्या एका ठिकाणी 'शंभर टक्के निकाल' सांगितला होता, पण किती मुलं बसली हे सांगायला ते तयार नव्हते.

उणं होतंच. मोटार वाइंडिंगसाठी चालू मोटार एकच. मुलांचं संडास बघवत नव्हतं. नोकरी लावून देण्याची काही सोय नाही, अप्रेंटिसशिपचं ज्याचं त्याने पोर्टलवर बघायचं. आणि सर शिकवतात कन्नडमधून. धाकट्याची सगळी शाळा मराठी, कन्नड बोलतो पण 'विद्युत प्रवाह' वगैरे कन्नडमधून आलं की अडकतो. सरांनीच वाट सांगितली: चेन्नईची निमी ही केंद्र सरकारची संस्था ट्रेडची पुस्तकं काढते, ती मराठीतही आहेत, आणि भारत स्किल्स पोर्टलवर प्रश्नसंच फुकट मिळतात. "वर्गात मराठीतून विचार की. मला कळतंय, उत्तर कन्नडमधून देईन." धाकटा तिथेच हसला. महिनाभरात पहिल्यांदा.

तरी त्या दिवशी पैसे भरले नाहीत. घरी येऊन पोर्टलवर कोड, ट्रेड, युनिट पुन्हा तपासलं. मग मामांना फोन करून विचारलं की या संस्थेतला कुणी त्यांच्या ओळखीत कामाला आहे का. दोघे निघाले. एकाने सांगितलं, "सर कडक हायत, पण शिकवतात."

२५ जुलैला प्रवेश घेतला. फी वर्षाला २४ हजार, तीन हप्त्यांत. पहिले आठ हजार ट्रस्टच्या खात्यावर भरले, छापील पावती, क्रमांकासहित. हत्यारांचा संच, गणवेश आणि बूट मिळून ३,४०० रुपये. परीक्षा फी वेगळी, ती कधी आणि किती हे पावतीच्या मागे लिहून घेतलं. मूळ दाखला द्यावा लागतो, तो दिला. त्याआधी रंगीत झेरॉक्सचे चार संच काढून ठेवले. शोधाशोधीचा खर्च वहीत लिहिलाय: धाकट्याची तिकिटं, झेरॉक्स, चहा धरून १,३४० रुपये, आणि ते गेलेले हजार.

पहिला महिना त्याने नुसती कानस मारली. हाताला फोड आले. मी वायरी जोडायला आलोय, लोखंड घासायला नाही, अशी कुरकुर चालू होती. गेल्या रविवारी मात्र पडवीत बसून जुन्या सर्व्हिस वायरचे तुकडे सोलत होता. आजीने विचारलं काय करतोस. म्हणाला, "मॅरीड जॉइंट."

"कुणाचं लग्न?" आजी म्हणाली.

त्याने तारांच्या दोन जुड्या एकमेकींत गुंफून पिळून दाखवल्या. आजीने हातात घेऊन ओढून बघितलं. एक तार सुटली. तो उठला, पक्कड घेऊन आला आणि सगळं उकलून पुन्हा जोडायला बसला.